सेन्सर गेला

थोरल्याचा टेम्पो सेकंडहँड, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारा. टोमॅटोच्या दिवसांत त्याला रात्र नाही की दिवस नाही. गावातल्या सात-आठ जणांचे क्रेट भरायचे आणि नारायणगावच्या बाजारात पोचवायचे. त्या वर्षी ऐन तोड्यात गाडीनं नखरे सुरू केले. उभ्या जागी इंजिन आपोआप घोंघवायचं, मग बसायचं, मधेच बंद पडायचं. चढाला एक हिसका देऊन गप्प. डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा तर विझायचं नाव घेईना.

मिस्त्रीनं मशीन जोडलं आणि म्हणाला, "थ्रॉटलचा सेन्सर गेला." गाडीला काहीही होवो, हल्ली सेन्सरच जातो. नवा टाकला, सतराशे रुपये गेले. दिवा दोन दिवस विझला, तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग मिस्त्रीची नजर ईसीएमवर, म्हणजे गाडीच्या मेंदूवर गेली. त्याचा आकडा ऐकून पोरगा घरी येऊन न जेवताच आडवा झाला. पतसंस्थेचे नऊ हप्ते राहिले होते. म्हणाला, "अण्णा, विकून टाकू. मी एमआयडीसीत जातो कामाला."

म्हणलं, विकायला वेळ लागत नाही, आधी मोजून तर बघू. माझा पुतण्या पाणबुडी मोटारींचं रिवाइंडिंग करतो. त्याच्याकडं मल्टिमीटर आहे.

हा सेन्सर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण. आपण पाय दाबला की केबल थ्रॉटलची पाकळी उघडते, पाकळीच्या दांड्याला हे बटण बसवलेलं. तीन वायरी: एकीतून पाच व्होल्ट येतात, एक ग्राउंड, तिसरी मेंदूला निरोप देणारी. पाय मोकळा असताना निरोप साधारण अर्ध्या व्होल्टचा, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास. मधे कुठं आकडा अडखळला तर बटण झिजलं समजायचं. रेडिओ खरखरायचा, तसंच.

चावी चालू, इंजिन बंद, प्लग जागेवरच. पुतण्यानं मागच्या बाजूनं पिना घातल्या, मी पाय दाबायला बसलो. पाय मोकळा, तरी मीटरवर 1.3. हळूहळू दाबत गेलो, आकडा न अडखळता साडेचारपर्यंत चढला. म्हणजे बटण शाबूत होतं, पण खालची पायरीच वर उचलली गेलेली. मेंदूला वाटणार, पाय पेडलवरच आहे.

पाच व्होल्टची वायर बॅटरीच्या मायनसशी मोजली तर पुरे पाच. मिस्त्रीनंही तेवढंच बघितलं होतं. सेन्सरच्याच ग्राउंडशी मोजली तर 4.1.

मी म्हणलं, "बाबा, न्यूट्रल बघ."

डीपीवर न्यूट्रल ढिला झाला की काय होतं, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. एकाच्या घरी बल्ब भकाभक पेटतो, दुसऱ्याच्या घरी मिणमिणतो, आणि कुणाचा तरी टीव्ही जळतो. करंट यायची वायर सगळे बघतात, परत जायच्या वायरीकडं कुणाचं लक्ष नसतं.

त्यानं मीटरची एक पिन ग्राउंडच्या वायरीला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली. तिथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे. आलं 0.9. वायरिंगचा जुडगा हलवला की आकडा नाचायला लागला. बॅटरीच्या स्टँडमागं पत्र्याच्या काठावर जुडगा घासला होता. टेप सोडली, तर वरचं प्लास्टिक फुगलेलं, आत तांब्यावर हिरवी बुरशी, अन् दोन-चार केसांवर वायर तगून होती.

तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, पत्र्याच्या काठाला रबर बसवलं. मीटरवर 0.02. पाय मोकळा असताना अर्धा व्होल्ट. इंजिन असं शांत चालायला लागलं की पोरगा दोनदा खाली वाकून ऐकून आला. पुतण्यानं हट्टानं जुना सेन्सर परत लावून पाहिला. तोही ठणठणीत.

मिस्त्रीला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. दारात पाच गाड्या उभ्या, प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत पाहिजे. वायर शोधत बसायची मजुरी गिऱ्हाईक देत नाही, पार्टचे पैसे मात्र मुकाट्यानं देतं. पोरानं वायर दाखवल्यावर त्यानं ती हातात घेऊन बराच वेळ बघितली, चहा सांगितला. नवा सेन्सर मात्र परत घेतला नाही. इलेक्ट्रिकचा माल परत नसतो म्हणे.

त्याच रात्री नव्वद क्रेट भरले.