सफर फणसाडच्या रानातली

‘सफारी’ हा शब्द आता खेड्यापाड्यांत पोचला आहे. टीव्हीवर उघड्या गाडीतली माणसे आणि समोर आळसावलेला सिंह आपण पाहतो, आणि हे पैसेवाल्यांचे काम म्हणून सोडून देतो. पण शब्द काही परका नाही. अरबीतला ‘सफर’ पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला, आणि आपल्या मराठीत ‘सफर’ म्हणूनच राहिला. एकाच खोडाचे हे दोन फुटवे.

आम्ही आगरदांड्याला राहतो. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. आमच्या चिरंजीवांच्या मनात आले, कर्ज काढून सगळ्यांनी केनियाला जावे. सौभाग्यवती म्हणाली, “कर्जाने सिंह बघायचा, त्याआधी आपलं फणसाड तरी दाखव. लग्न होऊन आल्यापासून नुसतं नाव ऐकते आहे.” बेत तिथेच ठरला. माझी ऐंशीच्या घरातली आईसुद्धा काठी घेऊन तयार झाली.

गंमत अशी, की आफ्रिकेचा धागा इथेही आहेच. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, म्हणून या मुलखाला जुने लोक हबसाण म्हणत. फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबांचे राखीव शिकारीचे रान. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, आणि १९८६ मध्ये या रानाचे अभयारण्य झाले. जिथे बंदुका चालल्या तिथे आज दुर्बीण घेऊन जायचे.

सुपेगावाला आम्ही उजाडता उजाडता पोचलो. बरोबर गावातलाच एक वाटाड्या घेतला. त्याने पहिल्याच पावलाला सांगितले, “बोलायचं कमी, ऐकायचं जास्त.” ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांची दाट सावली होती. गारंबीचा वेल दोराच्या वेटोळ्यांसारखा झाडाझाडांतून गेलेला, आणि त्याच्या शेंगा हातभर लांब! आपल्या वालाच्याच कुळातली ही शेंग, हे ऐकून सौ. थक्क झाली. इतक्यात वरून खडखडाट झाल्यासारखा आवाज आला. तांबूस पाठ, झुपकेदार शेपूट, ते शेकरू होते. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी एका फांदीवरून लांबच्या दुसऱ्या फांदीवर असा गेला, की आईने टाळी वाजवायला हात उचलले आणि वाटाड्याकडे बघून खाली घेतले.

इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. एका गाणीच्या काठी ओल्या मातीत बिबट्याच्या पायाचा ठसा दिसला. बिबट्या मात्र दिसला नाही. मुलाचा चेहरा पडला. वाटाड्या हसून म्हणाला, “तुम्ही त्याला नाही बघितलं, पण त्याने तुम्हाला बघितलं असेल.”

दुपारी मोकळ्या माळावर भाकरी सोडली. आई आभाळाकडे बघत होती. म्हणाली, “आमच्या लहानपणी बैल मेला की तासाभरात गिधाडं उतरायची. संध्याकाळी नुसता सापळा. ती सगळी गेली कुठं रे?” वाटाड्याने उंचावर फिरणारे दोन ठिपके दाखवले. पांढऱ्या पाठीची गिधाडे. “एवढीच?” आईने विचारले.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या गोठ्यात आहे, म्हणून हा लेख. गुरांना सूज, ताप, दुखणे असले की डायक्लोफिनॅक हे औषध टोचले जाई. असे जनावर दगावले आणि गिधाडाने खाल्ले, तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होऊन ते थोड्याच दिवसांत मरते. १९९० नंतरच्या दीड दशकात देशातल्या पांढऱ्या पाठीच्या दर शंभर गिधाडांमागे नव्याण्णवाहून अधिक नाहीशी झाली. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये ती कुपी ३ मिलिलिटरपुरतीच ठेवण्यात आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांनाही गुरांसाठी बंदी झाली. मेलॉक्सिकॅम हे औषध तेच काम करते आणि गिधाडाला सोसते.

तुम्ही म्हणाल, गिधाड गेले तर आपले काय बिघडले? उघड्यावर कुजणारे ढोर भटक्या कुत्र्यांना पोसते, कुत्री वाढली की चावे वाढतात आणि पिसाळण्याची भीतीही वाढते. गिधाड हा बिनपगारी सफाई कामगार आहे.

मुलाच्या स्वप्नातल्या केनियातही असेच घडते. सिंहाने गाय मारली की काही गुराखी रागाने उरलेल्या मांसात कार्बोफ्युरान हे कीटकनाशक घालतात. सिंह मरतो, आणि त्याच्याबरोबर गिधाडांचा थवाच्या थवा मरतो. वासरू गमावलेल्या माणसाचा राग मला कळतो. गावोगाव फिरताना मी तो पाहिला आहे. पण आपल्याकडे त्याला सरळ वाट आहे. बिबट्याने जनावर मारले तर ते जागचे हलवू नका, ४८ तासांच्या आत वन खात्याला कळवा, पंचनामा करून घ्या. नुकसानभरपाईची तरतूद आहे. विषाचा दाणा मात्र मेलेल्या जनावरावर कधीही टाकू नका. तो कुणाच्या पोटात जाईल हे सांगता येत नाही, आणि तो गुन्हाही आहे.

परतताना मुलगा म्हणाला, “केनिया राहू दे बाबा. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा इथंच येऊ. बिबट्या बघायचा राहिलाय.” आईचे म्हणणे वेगळे होते. तिला दोनाची चार झालेली बघायची आहेत.

तुमच्या घराजवळही असे एखादे रान असेल. सुगी आटोपली की एक दिवस काढा, घरातल्या बायामाणसांना आणि म्हाताऱ्यांना बरोबर घ्या. आणि पुढच्या वेळी गाईला सुई टोचायला डॉक्टर येतील, तेव्हा एवढेच विचारा, “साहेब, बाटलीवर नाव काय आहे?”