कुकडीचे रांजण

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें शिरूर गांठावें व तेथून वायव्येस टाकळी हाजीच्या वाटेस लागावें. भोंवतालीं शेतें आणि उघडे माळ; पुढें कांहीं अपूर्व आहे अशी पुसट सूचनाही ती वाट देत नाहीं. मग एकाएकीं कुकडीचें पात्र समोर येतें आणि पाय थबकतात. काळ्याभोर खडकांत असंख्य खळगे कोरलेले! कोठें वाटीएवढे, कोठें माणूस उभा बुडेल एवढे. कित्येकांचें तोंड लहान व पोट मोठें. म्हणूनच लोक त्यांस 'रांजणखळगे' म्हणतात. पलीकडचा कांठ पारनेर तालुक्यांतील निघोजचा. पुणें व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांची येथें नदी हीच शीव आहे.

हे रांजण घडविले कोणीं? पाण्यानें, हें उत्तर अर्धेंच खरें. सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्ह्याचा हा खडक नुसत्या पाण्यास सहजीं दाद देत नाहीं. पुराच्या भोंवऱ्यांत एखादा गोटा खोलगटांत अडकतो आणि डेऱ्यांत रवी फिरावी तसा गरगरत राहतो. वाळू साहाय्यास असतेच. तो झिजून जातो, दुसरा येतो. खळगा मात्र खोल होत जातो. शेजारच्या दोन रांजणांमधील भिंत अखेर फुटते, दोहोंचा एक होतो, आणि अशी जोडाजोड होत होत ही अरुंद घळ तयार झाली आहे. उन्हाळ्यांत कोरड्या खळग्यांत वांकून पाहिलें तर तळाशीं गुळगुळीत गोटे दिसतात. ते पाहून आमच्या काकू म्हणाल्या, "हीं तर नदीचीं जातीं!" माझ्या रवीपेक्षां काकूंचें जातें सरस, हें मान्य केलें पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरच्या अंगास माणिकडोह व येडगांव येथें कुकडीवर धरणें झालीं. तिचें पुष्कळसें पाणी आतां कालव्यांनीं शेतांकडे जातें. अवर्षणाच्या मुलुखास तें हवेंच. त्याबद्दल कुरकुर करणें शोभणार नाहीं. परंतु हीं जातीं पुराच्या बळावर फिरतात, आणि पूर अडला कीं गोटेही निजून राहतात, हा विचार येथें उभें असतां मनांतून जात नाहीं.

कांठावर मळगंगा देवीचें देऊळ आहे. दर्शनानंतर खालीं उतरतांना मुलांचा हात सोडूं नये. भरलेला रांजण वरून उथळ भासतो. परंतु भिंत गुळगुळीत आणि पोट तोंडाहून रुंद, त्यामुळें आंत घसरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यासही धरावयास कांहीं सांपडत नाहीं. पावसाळा टाळून, पाणी ओसरल्यावर, सकाळच्या उन्हांत जावें.