मळ्याचे कुंपण

वैशाख सरत आला, की हिंगोली जिल्ह्यातील शिवारे उघडी दिसू लागतात. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या सरपणासाठी घरोघर गेलेल्या असतात. हळदीची शेते खणून मोकळी झालेली असतात. काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कयाधू नदीच्या पात्रात वाळूच अधिक दिसते. पेरणीला अजून अवकाश असतो. परंतु शेतकरी मात्र रिकामा नसतो. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाते. त्या नर्सीच्या परिसरात या दिवसांत पहाटेच एखाद्या मळ्यातून ठक् ठक् असा आवाज कानी येतो. सूर्य वर येण्यापूर्वी काम उरकावे म्हणून कोणीतरी कुंपण घालावयास लागलेला असतो.

अशाच एका मळ्यात तीन पिढ्या कामाला लागल्या होत्या. सत्तरी ओलांडलेले आबा, त्यांचा मुलगा आणि बारा वर्षांचा नातू. विहिरीजवळ त्यांची अर्ध्या एकराची भाजीची जमीन होती. मागच्या हिवाळ्यात रोही आणि रानडुकरे यांनी तिची दैना केली होती. एका रात्रीत वांगी तुडवली गेली, हरभऱ्याचे शेंडे गेले आणि भुईमुगाचा वाफा तर डुकरांनी नांगरल्यासारखा उकरून ठेवला. तेव्हाच आबांनी ठरविले होते, की या उन्हाळ्यात मळ्याला नीट कुंपण घालावयाचे. बोरीच्या काट्या नुसत्या लोटून ठेवावयाच्या नाहीत.

पहिले काम मोजणीचे. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. गुंठ्याची बाजू तेहेतीस फुटांची. मळा पाच गुंठे लांब व चार गुंठे रुंद, म्हणजे १६५ फूट आणि १३२ फूट असा चौकोन झाला. दर अकरा फुटांवर एक डांब रोवावयाचा. नातवाने पाटीवर हिशेब केला. लांबीच्या बाजूला पंधरा गाळे, म्हणून सोळा डांब. रुंदीच्या बाजूला बारा गाळे, म्हणून तेरा डांब. सोळा, तेरा, सोळा, तेरा मिळून अठ्ठावन्न.

"चोपन्न," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही चुकलात! मी दोनदा बेरीज केली आहे."

आबांनी त्याला कोपऱ्यावर नेऊन उभे केले आणि विचारले, "हा डांब कोणत्या बाजूचा?" नातू क्षणभर गोंधळला. कोपऱ्यावरचा डांब दोन्ही बाजूंचा होता आणि त्याने तो दोनदा मोजला होता. असे कोपरे चार. त्याने पाटी पुसली व चोपन्न लिहिले. आबा शाळेत चारच इयत्ता शिकले होते. पण चार चुकीचे डांब तोडण्याचे श्रम ज्याला करावे लागतात, त्याची बेरीज सहसा चुकत नाही.

डांबासाठी लाकूड बांधावरच्या बाभळीचे. साग अधिक टिकतो हे खरे. पण महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या शेतातील सागही परवानगीवाचून तोडता येत नाही. शिवाय एवढा साग कुणाच्या बांधावर असतो? जुन्या बाभळीच्या पोटातील तांबूस नार कठीण असतो. वाळवी बाहेरचा पांढरट भाग लवकर खाते, नाराला मात्र उशिरा दात लावते. म्हणून कोवळी बाभूळ तोडावयाची नाही, असा आबांचा दंडक होता. डांब साडेसहा फुटांचा. त्यांतील दोन फूट जमिनीत आणि साडेचार फूट वर. यापेक्षा कमी पुरला, तर म्हशीने अंग घासताच तो कलणार.

तोडलेल्या डांबांची साल काढून बुडखे विस्तवावर भाजावयाचे. हे काम नातवाकडे आले. लाकूड जळू द्यावयाचे नाही. वरचा थर काळा होऊन त्याचा कोळसा झाला, की पुरे. नातवाने जमिनीत जाणारे दोन फूटच भाजले तेव्हा आबांनी त्याला थांबविले. "आणखी वीतभर वर भाज. डांब खाली सडत नाही, वरही सडत नाही. तो जमिनीच्या तोंडाशी सडतो." हे अनुभवाचे बोल शास्त्रालाही धरून आहेत. जमिनीच्या पृष्ठभागाशी लाकडाला ओल आणि हवा ही दोन्ही एकत्र मिळतात आणि लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला नेमकी हीच दोन हवी असतात. भाजलेल्या टोकावर नंतर डांबराचा हात फिरविण्यात आला.

खड्डे खणणे हे सर्वांत कष्टाचे काम. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते. म्हणून आदल्या संध्याकाळी प्रत्येक खुणेवर घागरभर पाणी ओतून ठेवावयाचे आणि पहाटे सब्बल चालवावयाची. मुलगा सब्बल मारी आणि नातू पालथा पडून करवंटीने माती उपसून काढी. दिवसाला दहा-बारा खड्डे झाले म्हणजे पुष्कळ झाले. मराठवाड्यातील या जमिनीचा स्वभाव मोठा विचित्र आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. तिच्यात सरळ पुरलेला डांब दोन वर्षांत आपोआप वाकडा होतो; त्याला कोणी हात लावण्याची आवश्यकता नसते. म्हणून आबा खड्डा थोडा रुंद घेत आणि डांबाभोवती काढलेली काळी माती परत न भरता नाल्याकाठचा मुरूम व दगडांच्या चिपा भरीत. मुरूम फुगत नाही आणि आकसतही नाही. चार बोटे मुरूम टाकला, की धुम्मसाने ठोकावयाचा. पुन्हा चार बोटे, पुन्हा ठोकावयाचा. घाईने खड्डा एकदाच भरून वरून ठोकला, तर वर घट्ट आणि खाली पोकळ असा डांब तयार होतो. असे डांब पुष्कळ शेतांत दिसतात.

आधी चार कोपऱ्यांचे डांब उभे राहिले. त्यांना सुतळी ताणून मग मधले रोवण्यात आले. सर्व डांब उभे राहिले त्या संध्याकाळी नातू कोपऱ्यावर एक डोळा मिटून उभा राहिला. चौदा डांब पहिल्याच्या मागे लपले होते. एकच थोडा बाहेर डोकावत होता. तो त्याने स्वतः धरलेला होता. त्याविषयी आबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नातवानेच तो काढून पुन्हा बसविला.

मग आडवे बांबू आले. फाटकासाठी एक गाळा सोडून त्रेपन्न गाळे. प्रत्येकाला तीन आडव्या, म्हणजे एकशे एकोणसाठ. बांबूत खिळा सरळ ठोकला तर तो चिरतो. म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडावे लागते. आबांचा विश्वास मात्र खिळ्यापेक्षा पळसाच्या मुळांच्या दोरीवर अधिक. भिजवून बांधलेली दोरी वाळताना आवळत जाते. सर्वांत खालचा बांबू जमिनीपासून वीतभर अंतरावर बांधला. कारण रानडुक्कर उडी मारून येत नाही, ते खालून नाक घालून वर उचलते. त्या वीतभर फटीत बोरीच्या फांद्या बेळक्याने रेटून बसविल्या. नुसते लाकूड रोह्याला अडवील, नुसते काटे शेळीला अडवतील. डुकराला दोन्ही लागतात.

काट्यांच्या कुंपणाची गोष्ट निघाली, की भारतात एके काळी उभ्या असलेल्या एका अवाढव्य कुंपणाची आठवण होते. इंग्रजी राजवटीत मिठावर जबर कर असे. स्वस्त मीठ कर चुकवून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाऊ नये म्हणून सरकारने उत्तर व मध्य हिंदुस्थानातून शेकडो मैल लांब कुंपण वाढविले. पंजाबातील लेय्यापासून बऱ्हाणपुरापर्यंत ते पसरले होते. आरंभी ते वाळलेल्या काट्यांचे होते. परंतु वाळवी, वणवा आणि वादळ यांनी ते टिकू दिले नाही. तेव्हा बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग अशी झाडे लावून जिवंत कुंपण उभे करण्यात आले. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे प्रमुख असलेले ॲलन ह्यूम यांनी त्यासाठी विशेष खटपट केली. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते. बारा हजारांहून अधिक माणसे त्या कुंपणावर पहारा करीत आणि त्यांतील कित्येक लाच घेऊन मीठ सोडीत. कुंपणच शेत खाते, ही म्हण तिथे अक्षरशः खरी झाली. १८७९ मध्ये ते मोडण्यात आले. गरिबाच्या भाकरीवरचे चिमूटभर मीठ अडविण्यासाठी एवढे काटे एका ठिकाणी लावण्यात आले होते, हे आज कोणाला खरेही वाटत नाही.

काटेरी तार ही बाभळीच्या काट्याचीच लोखंडी नक्कल होय. अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात, जिथे गवताळ माळ अफाट आणि लाकूड तुटपुंजे, तेथील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ मध्ये तिचे पेटंट मिळविले. आता ती हिंगोलीच्या बाजारातही मिळते. आबांच्या मुलाच्या मनात तारच होती. मात्र निराळ्या प्रकारची. खड्ड्यांच्या पाचव्या दिवशी, हाताला फोड आलेले असताना, तो सब्बल टाकून म्हणाला, "आबा, कशाला हा एवढा खटाटोप? साधी तार ओढू आणि रात्री तिच्यात वीज सोडू. एका रात्रीचे काम. डुक्कर पुन्हा इकडे फिरकणार नाही."

आबांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ते नातवाकडे वळले.

"रात्री लाइट आली, की या बांधावरून कोण जातो रे?"

"शेजारचे काका. मोटार सुरू करायला."

"आणि त्यांच्या मागून?"

"त्यांचा मुलगा. बॅटरी धरायला."

"कोणत्या इयत्तेत आहे तो?"

"माझ्याच वर्गात आहे, आबा."

मुलाने सब्बल उचलली आणि पुढचा खड्डा खणावयास घेतला. त्यानंतर विजेची गोष्ट त्या मळ्यात पुन्हा निघाली नाही.

ती निघू नये हेच बरे. घरातील वीज २३० व्होल्टची असते आणि एका सेकंदात पन्नास वेळा तिचा प्रवाह पूर्ण उलटसुलट होतो. अशा तारेला ओला हात लागला, की हाताचे स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि मनुष्याला तार सोडताच येत नाही. पावसाळ्यात पिकाभोवतीच्या अशा तारांनी माणसे आणि बैल दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून वारंवार येतात. अशी वीज सोडणे हा गुन्हा आहे. सूर्याच्या उष्णतेवर नव्हे, तर प्रकाशावर चालणारे जे सौर कुंपण मिळते, त्याची रचना वेगळी. त्यातील यंत्र सुमारे एका सेकंदाला एकदा, निमिषाहूनही अल्प काळ झटका देते. मधल्या अवकाशात हात सोडवून घेता येतो. जनावर दचकते, पळते, पण मरत नाही. ते घेण्याइतका पैसा मात्र त्या वर्षी आबांपाशी नव्हता. बाभळी होत्या आणि सहा हात होते.

शेवटी राहिले फाटक. त्यासाठी मोडलेल्या बैलगाडीच्या साटीच्या फळ्या काढल्या. ती गाडी आबांच्या वडिलांनी केलेली. फळ्या उन्हापावसाने करड्या झाल्या होत्या. पण आतून शाबूत होत्या. पाच फळ्या उभ्या, दोन पट्ट्या आडव्या आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरपी पट्टी. नातवाला ही तिरपी पट्टी निरुपयोगी वाटली. आबांनी ती न ठोकता फाटक टांगून दाखविले. लगेच त्याचे मोकळे टोक खाली झुकून मातीला टेकले. पट्टी खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जाईल अशी ठोकली, तेव्हा फाटक सरळ राहिले.

तरी दोन फळ्या उरल्या. शेजाऱ्यांची पायवाट पूर्वीपासून मळ्याच्या कडेने जात असे आणि आता ती कुंपणाने अडली होती. मुलगा म्हणाला, "ते वळसा घालून जातील." शेताला वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करण्याची सोय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ मध्ये आहे आणि अशा अर्जांपायी भावाभावांत बोलणे बंद झाल्याचीही उदाहरणे गावोगाव आहेत. आबांनी कायद्याची गोष्ट काढली नाही. त्यांनी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे दोन दोन खुंट रोवले, त्यांवर एकेक फळी ठोकली आणि तिथला वरचा बांबू तासून गुळगुळीत केला. माणूस फळीवर पाय देऊन सहज पलीकडे उतरेल. डुकराला ते साधणार नाही. शेजारचे काका त्या रात्री मोटार सुरू करावयास आले, तेव्हा अंधारात ते त्या ठिकाणी थोडा वेळ थांबले. बॅटरीचा उजेड फळीवर पडला, मग बांबूवर, मग पलीकडे गेला.

मृगाचा पहिला पाऊस जोराचा झाला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्यापूर्वी नातू मळ्यात गेला आणि कोपऱ्यावर एक डोळा मिटून उभा राहिला. नाल्याच्या बाजूचा सातवा डांब दोन बोटे कललेला होता. त्याने हाक मारली. आबा आले, वाकून डांबाच्या बुडाशी पाहिले आणि म्हणाले, "इथे मुरूम कमी पडला. सब्बल आण."