हवेलीतला नायक

भूगोलाच्या पुस्तकाआड मोबाईल धरून दहावीची एक मुलगी वाचत बसली होती. आम्ही फोन काढून घेतला. पडद्यावर उर्दू कादंबरीचं पान, चारशेच्या पुढचं. दोन पानांचा धडा वाचायला सांगितला की जांभया देणारी ही पोरगी चारशे पानं संपवून बसली होती! रागवावं की शाबासकी द्यावी, कळेना. संध्याकाळी फोन तिच्या अम्मीच्या हाती दिला. कादंबरीचं नाव मात्र टिपून ठेवलं आणि रात्री दोनपर्यंत आम्हीच ती वाचली.

खोटं कशाला बोलायचं, आम्हीही याच वाटेनं आलो. आमच्या शाळेच्या दिवसांत दिल्लीच्या 'पाकीज़ा आंचल'चा एकेक अंक सात-आठ घरं फिरायचा. परत यायचा तेव्हा त्याला हळदीचे डाग आणि मुखपृष्ठ गायब. अब्बा खाकरले की तो गादीखाली जायचा. पोरींच्या वाचनाची ही धास्ती जुनीच आहे. डेप्युटी नजीर अहमद यांनी 'मिरातुल उरूस' 1869 मध्ये लिहिली ती मुलींना वळण लागावं म्हणून. पण 'बहिश्ती ज़ेवर'मध्ये मौलाना थानवींनी बायकांनी न वाचायच्या पुस्तकांत तिचंही नाव घातलं. मग आमच्या आंचलची काय कथा!

उमेरा अहमद यांची 'पीर-ए-कामिल' 2004 ची. आमच्या पिढीच्या मुलींवर तिचं गारूड होतं. बिघडलेला, बुद्धिमान सालार अखेर अल्लाहकडे वळतो. ती वाचून अर्ध्या मैत्रिणी नमाजला लागल्या आणि उरलेल्या सालारची वाट पाहू लागल्या. आज पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकते. इमामा ज्या अहमदी घरातून निघून जाते, त्या घरातली माणसं लेखिकेनं एकाच रंगात रंगवली आहेत. त्यांचंही काही दुःख असेल, हे तेव्हा आम्हाला सुचलंच नव्हतं.

नमरा अहमद यांची 'जन्नत के पत्ते' मुलींना आवडते ती हिजाबाइतकीच इस्तंबूलमुळे, असं आमचं मत. हया एकटी विमानात बसते, परक्या देशातल्या विद्यापीठात शिकते, आणि घरचे जाऊ देतात! इथे परभणीहून रेल्वेनं नांदेडला शिकायला पाठवायचं म्हटलं तरी चार मामू आणि दोन चाचा बसून मसलत करतात.

पण सध्या मुलींच्या फोनमध्ये ज्या पीडीएफ फिरतात त्या या लेखिकांच्या नव्हेत. त्यांच्यावर किराणा दुकानातल्या डब्यांसारख्या चिठ्ठ्या असतात : 'रूड हीरो', 'फोर्स्ड मॅरेज', 'हवेली', 'वनी'. वनी म्हणजे खुनाचं वैर मिटवण्यासाठी समोरच्या घराला मुलगी देऊन टाकणं. पाकिस्तानातच कायद्यानं तो गुन्हा आहे. कादंबरीत तो प्रेमाचा आरंभ! नायक पहिल्या शंभर पानांत तिला कोंडतो, हात उगारतो. पुढच्या तीनशे पानांत ती त्याच्या डोळ्यांतलं दुःख ओळखते. त्या रात्री आम्ही हेच वाचलं. आणि कबूल करतो, शेवट काय होतो ते पाहिल्याशिवाय फोन खाली ठेवता आला नाही. लिहिणारीला वाचक धरून ठेवता येतो, हे मान्यच केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तिला विचारलं, असा माणूस तुला आवडेल?

"आखिर में सुधरताच ना आपा वो."

मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "मेरा रिश्ता आया आपा. लडका गुस्सेवाला है बोलते." आणि हसली. आम्हाला ते हसू पाहवेना.

घरी गेलो. अम्मीनं चहा ठेवला. पोरीचं वय सोळा, कायदा अठराचा, हे सांगितलं. निकाहात मुलीची रजामंदी विचारतात ती 'नाही' म्हणायची मुभा असते म्हणूनच, हेही सांगितलं. अम्मी गप्प राहिली. तिचा निकाह पंधराव्या वर्षी झाला होता, हे आम्हाला निघताना कळलं.

या कादंबऱ्यांत आमच्यासारखी दख्खनी कुणी बोलत नाही. कुणाच्या घरी सोयाबीन पावसानं काळं पडत नाही, तुराबुल हक बाबांच्या उरुसात, फेब्रुवारीच्या गर्दीत, कुणाची नजर कुणाला भिडत नाही. मराठी कादंबरीत आमची मुलगी येते ती ईदला शेजारी शीरखुर्मा पोचवण्यापुरती. मग ती हवेलीत जाऊन राहते, तर दोष तिचा एकटीचा कसा? आमच्यातल्या लिहित्या लोकांनी परिसंवाद पुष्कळ केले. सोळा वर्षांच्या मुलीनं पुस्तकाआड लपवून वाचावं असं किती लिहिलं? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

जाताना तिला उमेरा अहमद यांची 'ज़िंदगी गुलज़ार है' दिली होती, आमची जुनी छापील प्रत. त्यातली कशफ गरिबीवर चिडते, अभ्यास करते, अफसर होते आणि लग्नाआधी शंभरदा विचार करते. आठवड्यानं तोंड वाकडं करून तिनं विचारलं, "इस में हीरो गुस्सा कब करता आपा?" आम्ही म्हटलं, यात हिरॉईन करते. ती थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिली.

रिश्त्याचं अजून नक्की नाही. वडील बारावीपर्यंत थांबू म्हणतात, दादी नाही म्हणते. फोन आता भाईजवळ असतो. पुस्तक परत आलेलं नाही. आम्ही मागितलेलं नाही.