क्रियापद गप्प बसतं तेव्हा

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात भूतकाळाचा धडा एकीकडे असतो, सर्वनामांचा दुसरीकडे आणि प्रिपोझिशनचा पार शेवटी. मुलं तिन्ही पाठ करतात. 'गो-वेंट-गॉन' घडाघडा म्हणतात, 'ही-हिज-हिम'चा तक्ता न अडखळता लिहितात, 'इन-ऑन-ॲट'च्या गाळलेल्या जागा भरतात. मग 'काल काय केलं ते चार ओळींत लिहा' म्हटलं की पेन थांबतं. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे अकरावीत माझ्यासमोर बसलेल्या मुलाने दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं, तरी ही गत. इतकी वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालंय की हे तीन धडे नाहीतच. धडा एकच आहे, आणि त्याची सुरुवात मराठीपासून करावी लागते.

फळ्यावर मी लिहिते: त्याने आंबा खाल्ला. त्याने पोळी खाल्ली. त्याने केळं खाल्लं. खाणारा तोच, पण क्रियापद तिन्ही वेळा बदललं. कोणाकडे बघून? खाणाऱ्याकडे नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघून. हा कर्मणी प्रयोग मुलांना माहीत असतो, फक्त तो मार्कांपुरता शिकलेला असतो. मग मी 'आलास?' आणि 'आलीस?' लिहिते. एकेका शब्दात समोरचा माणूस एकच आहे, तो मुलगा की मुलगी, आणि त्याच्याशी आपलं 'अरे-तुरे'चं नातं आहे, इतकं सगळं येतं. 'तू' म्हणायचीही गरज पडत नाही.

आता इंग्रजीकडे वळायचं. 'एट' आंब्याला तेच, पोळीलाही तेच. 'केम' मला, तुला, त्यांना, सगळ्यांना एकच. 'वॉज' आणि 'वर' सोडले, तर इंग्रजीचं भूतकाळी क्रियापद काम कधी झालं तेवढं सांगतं आणि गप्प बसतं. कोणी केलं, ते सांगायला सर्वनाम लागतंच. म्हणून 'केम लेट' एवढंच लिहिलं की तपासणारा लाल रेघ मारतो. करणारा कोणी नसेल, तरी ती खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. पाऊस पडला तर 'इट रेन्ड'. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "बाई, हा 'इट' कोण?" कोणी नाही. आपल्याकडे पाऊस स्वतः पडतो, तिथे पडायला एक सर्वनाम नेमावं लागतं.

हे असं का, ते इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. पुढच्या काही शतकांत ते बहुतेक झिजून गेले. त्यांची ठळक खूण आज सर्वनामांत उरली आहे: 'ही-हिम', 'शी-हर', 'दे-देम'. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त विभक्ती आणि प्रयोग यांना जे मोठं स्थान आहे, ते आजच्या इंग्रजीत शब्दांच्या क्रमाला आणि प्रिपोझिशनना मिळालं आहे. 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला' यांत चावणारा बदलत नाही, तो 'ला' सगळं सांभाळतो. इंग्रजीत डॉग आणि मॅन यांच्या जागा बदलल्या, की बातमीच बदलते.

मुलांच्या चुकाही मला आता आळशी वाटत नाहीत. 'डिड यू वेंट?' हे वाक्य घ्या. 'गेलास का?'मधला भूतकाळ मुख्य क्रियापदावर आहे, मग मुलगा तो 'वेंट'मध्ये जपतो आणि पुस्तकातला 'डिड'ही घालतो. एका उपवाक्यात भूतकाळाचा शिक्का एकदाच मारायचा आणि साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्यावर मारायचा, हा इंग्रजीचा नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो. 'डिस्कस्ड अबाउट इट'मध्ये आपलं 'त्याबद्दल चर्चा केली' सरळ दिसतं. चूक इंग्रजीतली असली, तरी तिच्या मुळाशी मराठीचं शुद्ध तर्कशास्त्र आहे.

तिन्ही धडे एकत्र येतात ते 'शी पुट ऑन द कोट'सारख्या वाक्यात. 'शी पुट द कोट ऑन' हेही चालतं. पण कोटाच्या जागी 'इट' आला, की 'शी पुट इट ऑन' एवढंच बरोबर. 'पुट ऑन इट' म्हटलं तर कोट अंगात जाणार नाही. 'शी गेव्ह हिम द बुक' चालतं, पण पुस्तकाचं 'इट' झालं की 'शी गेव्ह इट टू हिम' म्हणावं. सर्वनाम हलकं असतं, आधीच माहीत असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतं, म्हणून क्रियापदाला चिकटून बसतं. नवी, जड माहिती मागे जाते: 'ॲट द गेट', 'आफ्टर द मीटिंग'. इंग्रजी वाक्य म्हणजे पुढे इंजिन आणि मागे एकेक डबा जोडत जाणारी गाडी. मराठीत डबे आधी लागतात आणि इंजिन शेवटी येऊन लागतं. 'मीटिंग संपल्यावर तिने फाटकापाशी ते त्याला...' इथवर ऐकून दिलं, दाखवलं की परत केलं, हे आपल्याला अजून कळलेलं नसतं.

डबे मागून जोडण्यात एक धोका असतो, तो भाषाशास्त्राच्या पुस्तकांतल्या एका घासून गुळगुळीत झालेल्या उदाहरणात दिसतो: 'शी सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप'. शेवटचा तुकडा 'सॉ'ला जोडला तर दुर्बीण तिच्या हातात, 'मॅन'ला जोडला तर त्याच्या. इंग्रजी दोन्ही जोडण्या मान्य करते आणि संदर्भावर सोडून देते. मराठीत बोलणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं: 'तिने दुर्बिणीतून त्या माणसाला पाहिलं' की 'तिने दुर्बीण घेतलेल्या त्या माणसाला पाहिलं'.

म्हणून वर्गातल्या चाचणीत मी प्रिपोझिशनच्या गाळलेल्या जागा देणं बंद केलं. त्यात मुलगा 'ऑन' की 'ॲट' एवढंच ठरवतो. तो तुकडा वाक्यात कोणाला जोडला आहे, हे त्याला बघावंच लागत नाही. आता मी एक इंग्रजी वाक्य देते आणि त्याचे निघतील तितके अर्थ मराठीत लिहायला सांगते. गाईडमध्ये उत्तर सापडत नाही म्हणून मुलं आधी कुरकुरतात. मग दुर्बीण कोणाकडे, यावरून बाकाबाकांवर वाद सुरू होतो. जो दोन्ही अर्थ मराठीत वेगवेगळे मांडून दाखवतो, त्याला पूर्ण गुण.