माळावरचा तरवड

सोलापुरातून कोणत्याही वाटेने बाहेर पडावं. काळी रानं मागे पडून मुरमाड माळ लागला की तरवड भेटतोच. झुडूप छातीइतकं, देठाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णं. पाऊस हात आखडता घेतो त्या सालीही हा पिवळ्याधमक फुलांनी लगडतो. शेळ्या-मेंढ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून चरून बोडक्या झालेल्या माळावरही हिरवं उरतं ते त्याचंच.

वनस्पतींचं वर्गीकरण करताना लिनियसने 1753 मध्ये त्याला कॅसिया या प्रजातीत घातलं, बहाव्याच्या शेजारी. रॉक्सबर्गच्या 1832 मध्ये छापल्या गेलेल्या ‘फ्लोरा इंडिका’त तो ‘सेना’ झाला, तरी पुढे दीर्घकाळ पुष्कळ ग्रंथांत तो कॅसियाच राहिला. अखेर 1982 मध्ये आयर्विन आणि बार्नबी यांनी तो प्रचंड गोतावळा सोडवला. बहाव्याच्या फुलातले तीन पुंकेसर लांबलचक, दुहेरी वळणाचे. तरवडाचे तसे नाहीत. बहावा कॅसियात राहिला, तरवड टाकळ्यासोबत सेनात गेला. युरोपच्या माळांवरच्या जांभळ्या हीथरचंही असंच झालं. लिनियसने त्याला एरिकात बसवलं होतं. पण त्याच्या पाकळ्यांपेक्षा बाहेरची निदलंच मोठी आणि रंगीत, म्हणून सॅलिसबरीने 1802 मध्ये त्याच्यासाठी कॅल्युना ही वेगळी प्रजाती केली. नखाएवढ्या फुलापुढे माणसं इतकी वाकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या सातबाऱ्याला एवढं वाकता आलेलं नाही. तिथे असा खडकाळ तुकडा ‘पोटखराब’ म्हणून लिहिला जातो. पीक येत नाही, एवढीच त्याची ओळख. ज्याच्या सालीवर पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावली गेली, ज्याच्या परागकोशांतल्या बारीक छिद्रांतून भुंगे अंग थरथरवून पराग झाडून घेतात, त्या झुडपाला त्या कागदावर जागा नाही. मग जेसीबी आला की पहिला तरवडच उपटला जातो, आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही.

विणकामासाठी तेलंगणातून येऊन सोलापूरच्या पूर्व भागात रुजलेल्या पद्मशाली घरांत मात्र त्याची किंमत ठाऊक आहे. तिथे तो तंगेडू. भाद्रपद अमावस्येपासून बतुकम्मा हा फुलांचा सण सुरू होतो, त्याच्यासह इतर फुलांचे थर रचले जातात, बायका फेर धरतात. झेंडू बाजारात विकत मिळतो. तंगेडूसाठी माळच शिल्लक असावा लागतो.