एका बाजूनें

मोहोपाड्यांतील आमच्या घरामागें पत्र्याची एक पडवी आहे. पूर्वीं तेथें सरपण रचलेलें असे. आतां एका मेजावर माझें छोटेसें यंत्र बसलें आहे. पावसाळ्यांत माणिकगड ढगांत बुडाला आणि पत्र्यावर सरींचा ताशा वाजूं लागला कीं मी त्या पडवींत जाऊन बसतों. घरचीं माणसें ह्याला वेड म्हणतात. मी वाद घालीत नाहीं.

संगणकाच्या हुकमानें लांकूड कोरणारें हें मिलिंग यंत्र. जाणकार त्याला सीएनसी म्हणतात. त्याचें राज्य ३०० मिलिमीटर लांब व १८० मिलिमीटर रुंद एवढेंच; पण कुळी मोठी आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वळणांचे बिंदू गणितानें काढतां काढतां अमेरिकेंतील जॉन पार्सन्स ह्या कारखानदाराला आंकड्यांवरून धातु कापण्याची कल्पना सुचली, आणि १९५२ सालीं एमआयटी ह्या संस्थेनें भोकें पाडलेल्या कागदी पट्टीवरून हुकूम घेणारें यंत्र लोकांना दाखविलें. आज तें काम तळहाताएवढी पट्टी करते. पुणें जिल्ह्यांतील पाबळच्या विज्ञान आश्रमांत संगणकी हत्यारांची ‘फॅब लॅब’ २००२ सालींच उभी राहिली. मग मोहोपाड्यानेंच मागें कां राहावें?

गणेशचतुर्थीपूर्वीं आईला सागवानी मोदकाचा सांचा करून द्यावा, असें मीं ठरविलें. परंतु सांच्याचे दोन अर्धे कांहीं केल्या जुळेनात. वर्तुळ सांगावें, तर तें चार ठिकाणीं दबलेलें निघे. तीन रात्री मीं आंकडे बदलून पाहिले. चौथ्या रात्रीं मध्येंच वीज गेली. ती परत आल्यावर यंत्र जेथें उभें होतें तेंच आपलें मूळस्थान समजून चालूं लागलें, आणि पातें शिकंज्यावर आपटून मोडलें. बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याची मोटर एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते; दर मिलिमीटरला ८०० इशारे तिला जातात; पण दिलेले हुकूम मोजण्यापलीकडे यंत्राला कांहीं कळत नाहीं. पाऊल खरोखर पडलें कीं नाहीं, हें तें पाहत नाहीं.

माझे वडील रसायनीच्या एका कारखान्यांत ३५ वर्षें फिटर होते. आतां त्यांचा हात कांपतो. यंत्र आणल्यापासून ते पडवींत फिरकले नव्हते, आणि मींही त्यांना बोलावलें नव्हतें. त्या रात्रीं मात्र ते दाराशीं येऊन उभे राहिले. सांचा हातांत घेऊन त्यांनीं कडेवरून नुसता अंगठा फिरविला.

“नटांत प्ले आहे,” ते म्हणाले.

मग पेटींतून तेलकट फडक्यांत गुंडाळलेला डायल गेज त्यांनीं काढला. तो शिकंज्यांत बसवतांना त्यांचा हात थरथरूं लागला, तेव्हां मीं धरला. एक मिलिमीटर मागें जाण्याचा हुकूम दिला. कांटा ०·७ वरच थांबला. दिशा बदलतांना स्क्रू आधीं थोडा रिकामा फिरत होता.

“बाबा, तुम्हांला हें अंगठ्यानें कळलें?”

“हुकूम दिला म्हणजे काम झालें, असें नसतें रे. आम्ही नेहमीं एकाच बाजूनें मापावर येत असूं. पुढें गेलों, तर चांगले मागें जाऊन पुन्हां त्याच बाजूनें यायचें. तूं कधीं विचारलें नाहींस.”

खरेंच, मीं कधीं विचारलें नव्हतें. त्यांच्या डोळ्यांदेखत मीं हें यंत्र आणलें, तेव्हां त्यांच्या हातांविषयीं आपण न बोलतां काय बोललों, हेंही माझ्या ध्यानीं आलें नव्हतें.

स्प्रिंगचा नवा नट बसविला, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशीं सांचा जुळला. आईचा पहिला मोदक त्यांतून कळीदार निघाला. तिनें तो वडिलांच्या तळहातावर ठेवला. आतां पडवींत दोन स्टुलें आहेत. दर कामापूर्वीं वडील कांटा वाचतात आणि मी आंकडा लिहून घेतों.